झांकली मूठ

बुलढाण्याचें नांव निघालें कीं लोकांना लोणारचें सरोवर आठवतें, शेगांव आठवतें, सिंदखेड राजा आणि जिजाऊंचें जन्मस्थान आठवतें; कोणी उन्हाळ्यांत आमच्या गांवीं राहून गेला असेल तर त्याला घाटावरचा गार वाराही आठवतो. ताराबाई शिंदे यांचें नांव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. येथील सरकारी कचेरींत नोकरीस असलेल्या बापूजी हरि शिंदे यांच्या ह्या कन्या. १८८२ सालीं त्यांनीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ नांवाचें लहानसें पुस्तक पुण्यास छापविलें. जोतीराव फुले यांनीं त्याची बाजू घेतली. बाकीच्यांनीं तें असें कांहीं विस्मृतींत टाकलें कीं, १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां उजेडांत आणीपर्यंत त्याची आठवण फारशी कोणाला राहिली नव्हती.

त्या पुस्तकाचें निमित्त माझ्या आजच्या विषयाला अगदीं लागून आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. मूल जन्मल्यावर लोकलज्जेस्तव तिनें तें मारलें, हा आरोप शाबीत होऊन १८८१ सालीं तिला फांशीची शिक्षा झाली. पुढें अपिलांत फांशी टळून काळें पाणी आलें. वर्तमानपत्रांना मोठीच पर्वणी सांपडली. विधवांची नीति, एकंदर स्त्रीजातीचा चंचलपणा, नव्या चालीरीतींचे परिणाम ह्यांवर रकानेच्या रकाने भरूं लागले. ‘पुणेवैभव’ पत्रांतील असल्याच मजकुरानें ताराबाईंच्या रागाला तोंड फुटलें. ज्या दुर्गुणांचें खापर तुम्ही बायकांच्या माथीं फोडतां, ते तुमच्यांत नाहींत काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि तिला मोहांत पाडणारा पुरुष नामानिराळा कां राहतो, हा त्याच्या पोटांतला दुसरा.

तें पुस्तक वाचतांना माझ्या मनांत दरखेपेस आणखी एक विचार येतो. वकील होते, न्यायाधीश होते, संपादक होते. पण विजयालक्ष्मीला तिच्या देहाविषयीं कोणीं कधीं दोन शब्द सांगितले होते काय, ही चौकशी त्यांपैकीं कोणी केली असेल असें मला वाटत नाहीं. अज्ञान सगळ्या घरानें मिळून जोपासलेलें असतें. आई बोलत नाहीं, बाप बोलत नाहीं, शाळा बोलत नाहीं. फळ मात्र वांटून घेतलें जात नाहीं; तें बहुधा एकट्या मुलीच्या पदरीं पडतें. काळें पाणी गेलें, केशवपन गेलें, विधवाविवाह निंद्य राहिला नाहीं. परंतु ही वांटणी फारशी बदलली आहे असें मला दिसत नाहीं.

आमचें वऱ्हाड बोलण्यांत मोकळें समजलें जातें. जेवणांत तिखट आणि बोलण्यांत तिखट. लग्नांत विहिणींना उद्देशून ज्या शिव्या गायिल्या जात, त्या ऐकून पुण्याकडची मंडळी कानांवर हात ठेवीत. पण ह्याच घरांत मुलीला प्रथम पाळी आली कीं सारी भाषाच एकदम आडपडद्यांत शिरते. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’, ‘दूर बसली’! मुलीला वाटतें, आपल्याला कांहीं तरी झालें. काय झालें तें मात्र कळत नाहीं. कावळ्याचा आणि गर्भाशयाचा संबंध काय, हें विचारण्याची सोय नसते. मौज अशी कीं, ह्याच जिल्ह्यांतल्या मेहकरच्या ना. घ. देशपांडे ह्या वकील-कवीनें ‘शीळ’ लिहिली आणि जी. एन. जोशी यांच्या आवाजांत ती घरोघर गेली. त्या गाण्यांतल्या ओढीला कोणी हरकत घेतली नाहीं. माजघरांत सासवासुनांनीं बसून ती ध्वनिमुद्रिका ऐकली असेल. ओढ गाण्यांत चालते, सिनेमांत चालते. ती कोठून येते आणि शरीरांत काय करते, हें सांगण्याची वेळ आली कीं आपल्याला लाज आठवते.

माझी भाची गेल्या वर्षीं दहावीस होती. विज्ञानाच्या दुसऱ्या भागांत प्रजननाचा धडा आहे. ऋतुचक्र, गर्भधारणा, जुळीं मुलें, लैंगिक आरोग्य, सर्व कांहीं त्यांत व्यवस्थित, सचित्र दिलेलें आहे. पाठ्यपुस्तक मंडळानें आपलें काम चोख केलें आहे असेंच मी म्हणेन. पण तिच्या वर्गांत तो धडा आला त्या दिवशीं बाईंनीं सांगितलें, ‘‘हा तुम्ही घरीं वाचा.’’ मुलींनीं माना खालीं घातल्या, मुलगे हंसले, आणि पुढचा धडा सुरू झाला. मुलगी घरीं आली आणि पुस्तक घेऊन आजीपाशीं बसली. माझी आई ऐशींच्या घरांतली. तिनें चित्र पाहिलें, चष्मा काढून पुसला, पुन्हां पाहिलें आणि म्हणाली, ‘‘अगंबाई, हें असं असतं होय आंत!’’ चार बाळंतपणें झालेल्या बाईचा हा उद्गार होता. त्यांत विनोद होता, पण मला हंसूं आलें नाहीं. मग त्या दोघींनीं मिळून तो धडा वाचला. आजी मध्येंच थांबवून विचारी, नात समजावून सांगे. मी स्वयंपाकघरांतून ऐकत होतें. शाळेनें घरावर टाकलेलें काम घरानें केलें खरें; पण किती घरांत अशी आजी असेल?

मुलींची गोष्ट निदान आतां कोणी तरी काढतो. मुलग्यांची कोणी काढीतच नाहीं. मुलगा वयांत आला ही घटना आपल्याकडे जणूं घडतच नाहीं; त्याला एके दिवशीं मिसरूड फुटतें आणि आवाज घोगरा होतो, एवढेंच घराला ठाऊक. त्याच्या शिक्षणाची व्यवस्था मग एस.टी. स्टँडच्या बाहेरच्या भिंती करतात. ‘गुप्तरोग’, ‘धातु जाणें’, ‘लग्नापूर्वीं व लग्नानंतर भेटा’ अशा ठळक अक्षरांनीं रंगविलेल्या भिंती सबंध विदर्भांत आणि खानदेशांत पाहाव्या तितक्या आहेत. आतां त्यांची जागा हातांतल्या फोननें घेतली आहे, एवढाच फरक. आमच्या नात्यांतला एक पंधरा वर्षांचा मुलगा गतवर्षीं वाळत चालला. अभ्यासांत लक्ष नाहीं, जेवण नाहीं. पुष्कळ दिवसांनीं उलगडा झाला तो असा : झोपेंत त्याचे कपडे ओले होत. हें रक्त आटून होतें, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब बनतो, आणि असेंच चाललें तर आपण मरूं, असें त्याला रस्त्यावरच्या जडीबुटीवाल्यानें सांगितलें होतें. आणि तीन महिने सायकलीच्या पंक्चरचे म्हणून मागितलेले पैसे त्याच्या पुड्यांत जात होते. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनीं त्याला समोर बसविलें आणि दहा मिनिटांत सांगितलें कीं, वयांत येणाऱ्या निरोगी मुलाला असें होणें हा शरीराचा नेम आहे. त्यानें रक्त जात नाहीं, शक्ति जात नाहीं, उंची खुंटत नाहीं. मुलगा रडला. इतके दिवस तो मरणाची वाट पाहत होता, हें त्याच्या आईला त्या दिवशीं कळलें.

ह्या भीतीला वैद्यकांत नांव आहे. डॉ. विग ह्या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनीं १९६० सालीं तिला ‘धात सिंड्रोम’ म्हटलें. रोग शरीरांत नसून समजुतींत असतो, आणि रोगी मात्र खरोखर खंगतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांना ही गोष्ट त्याही आधीं ठाऊक होती. गणिताचे हे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडवेना म्हणून १९२५ सालीं त्यांनीं नोकरी सोडली, आणि १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें तें १९५३ सालीं देह ठेवीपर्यंत चालविलें. त्या मासिकाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे वाचकांच्या पत्रांना दिलेलीं उत्तरें. कोणी तरी अनोळखी तरुण आपली भीति कागदावर मांडतो, आणि मुंबईंत बसलेला एक रोखठोक माणूस त्याला ‘हें पाप आहे’ किंवा ‘हें रोग आहे’ असें न सांगतां जें शास्त्राला ठाऊक आहे तेवढें सांगतो. ह्याच उत्तरांबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावास उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनीं प्रश्न विचारले तर त्यांना उत्तर मिळालें पाहिजे, लैंगिक विषयावर लिहिलेलें सर्वच कांहीं अश्लील ठरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. कर्व्यांना दंड झाला. खटला हरलेल्या ह्या वकिलाचें म्हणणें आज आपल्याला सरळ वाटतें. पण वर्गांत धडा ‘घरीं वाचा’ म्हणून सांगतांना आपण अद्याप त्या न्यायाधीशाच्याच बाजूस बसलेलों असतों.

कोणी म्हणेल, इतकीं वर्षें लोटलीं, आतां असें कोण करतें? २००७ सालीं ह्याच महाराष्ट्रांत शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळांत गदारोळ झाला, त्यांतल्या चित्रांवर आक्षेप आले, आणि सरकारनें तो कार्यक्रम बंद ठेवला. आक्षेप जुनाच : सांगितलें कीं मुलें तें करून पाहतील. हा आक्षेप केवळ ढोंगी लोकांचाच असतो असें मी म्हणणार नाहीं. चांगल्या, काळजीवाहू आईबापांचाही असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावें लागतें. अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहून युनेस्कोनें २०१८ सालीं आपली मार्गदर्शिका नव्यानें काढली. त्यांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, असल्या शिक्षणानें मुलांचा लैंगिक व्यवहार लवकर सुरू होत नाहीं किंवा वाढत नाहीं. माझ्या मतें ह्याहून साधें उत्तर आपल्या घरांतच आहे. आगीनें भाजतें असें सांगितल्यामुळें कोणतें मूल चुलींत हात घालूं लागलें? न सांगतां जीं मुलें भाजलीं, त्यांची मोजदाद मात्र कोणी ठेवली नाहीं.

ती मोजदाद एकदां आमच्या विदर्भांतच झाली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांमधील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तीत अविवाहित मुलीही होत्या. १९८९ च्या जानेवारींत ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत तिचे निष्कर्ष आले. शंभरांतील ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा एक ना एक विकार होता. आणि पूर्वीं कधीं ह्यासाठीं तपासून घेतलेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या आठ निघाल्या. हे दोन आंकडे मी शेजारीं शेजारीं ठेवून पाहतें. पहिल्यांत दुखणें आहे, दुसऱ्यांत मौन. अंगावर पांढरें जाणें, ओटीपोटांत दुखणें, हें बाईच्या जातीला लागलेलेंच, असें मानून ह्या बायका शेतांत निंदण करीत होत्या, पाणी आणीत होत्या, मुलें जन्माला घालीत होत्या. पुढें त्याच संस्थेनें तरुण मुलामुलींसाठीं ‘तारुण्यभान’ नांवाची शिबिरें चालविलीं. गडचिरोली म्हणजे बुलढाणा नव्हे. तेथलें अरण्य निराळें, माणसें निराळीं. पण ओटीपोट तेंच.

आतां सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१४ च्या जानेवारींत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ह्या वयाच्या मुलांसाठीं खोल्या निघाल्या. शाळांतून आठवड्याला एक निळी गोळी मिळते, तीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतें. तिची गरज केवढी आहे, तें २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दिसेल : देशांतल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शंभरांत ५९ जणींच्या अंगांत रक्त कमी. गोळी देणें सोपें असतें. ती मोजतां येते, तिचा तक्ता भरतां येतो. एक शब्द किती मुलींना सांगितला, ह्याचा तक्ता कसा भरावा? मीं एका तालुक्याच्या गांवीं अशी खोली पाहिली. पाटी मोठी, रंगीत. आणि दार केस-पेपर काढण्याच्या रांगेसमोरच. त्या रांगेंत गांवांतली निम्मी माणसें ओळखीचीं. त्या दारांतून आंत जाण्याला सोळा वर्षांच्या मुलीला जें धैर्य लागेल, तें माझ्यांत आजही नाहीं. समुपदेशक बाई आंत होत्या, हुषार होत्या, मनानें चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘येतात त्या आयांबरोबर येतात, आणि आई बसलेली असतांना मुलगी बोलत नाहीं. दार मागच्या अंगणांत काढून द्या म्हणून मी दोनदां अर्ज केला.’’

दारावरून आठवलें, कायद्यानेंही एक दार असेंच अवघड करून ठेवलें होतें. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांना अत्याचारापासून संरक्षण दिलें, हें फार चांगलें झालें. परंतु त्याच कायद्यानें असा संबंध ज्याला कळेल त्यानें पोलिसांना कळविलेंच पाहिजे, असेंही ठरविलें. दोन सतरा वर्षांच्या पोरांनीं आपल्या मर्जीनें केलेली चूकही त्यांतून सुटत नाहीं. परिणाम असा झाला कीं, दिवस गेलेली मुलगी डॉक्टरकडे जायला भिऊं लागली. कारण डॉक्टरापाठोपाठ पोलीस आणि पोलिसांपाठोपाठ सारा गांव. मग तिच्यापुढें राहतात ते रस्ते दोनच : कोठल्या तरी अंधाऱ्या खोलींतला वैदू, नाहीं तर घाईघाईनें उरकलेलें लग्न. मुलीच्या लग्नाचें वय अठरा असल्याचें सर्वांना ठाऊक असतें. तरी त्याच राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं जवळजवळ बावीस जणींचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं. ह्यांतलीं कित्येक लग्नें गरिबीनें लावलीं असतील, आणि कित्येक निव्वळ भीतीनें. आमच्याकडे धुणीभांडीं करणाऱ्या बाईनें आपल्या दहावींतल्या मुलीचें लग्न ठरविलें, तेव्हां मीं कारण विचारलें. ‘‘पोरगी मोबाइलवर बोलते, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘उद्यां कांहीं झालं तर मी कोणाला तोंड दाखवूं?’’ मुलगी काय बोलते, कोणाशीं बोलते, तें तिला ठाऊक नव्हतें आणि विचारण्यासारखे शब्दही तिच्याजवळ नव्हते. शब्द नसले कीं माणूस एकदम लग्नच लावून मोकळें होतें. तें लग्न दोन वर्षें पुढें ढकलण्यास मी, आमच्या आळींतल्या आशाताई आणि मुलीचा मामा, असे तिघे लागलों. आणि अखेर जें वळलें तें मामाच्या शब्दानें वळलें, माझ्या वाचनानें नव्हे.

२०२२ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें गर्भपाताच्या एका प्रकरणांत सांगितलें कीं, अल्पवयीन मुलगी आपण होऊन गर्भपातासाठीं आली आणि तिनें व तिच्या पालकांनीं तशी इच्छा दर्शविली, तर डॉक्टरनें पोलिसांस कळवितांना तिचें नांव व ओळख उघड करण्याची गरज नाहीं. हा निकाल मीं वर्तमानपत्रांत वाचला तेव्हां मला विजयालक्ष्मी आठवली. तिच्या काळीं हें असतें तर? पण मग मनांत आलें, हा निकाल बुलढाण्याच्या कोणत्या मुलीला माहीत आहे? कायदा दिल्लींत बदलतो. तो गांवांतल्या मुलीपर्यंत पोंचविणारा मनुष्य पुन्हां बोलणाराच लागतो.

गेल्या पावसाळ्यांत एका ओळखीच्या परिचारिकेनें एका शाळेच्या परवानगीनें आठवी ते दहावीच्या वर्गांत पत्र्याची पेटी ठेवली. नांव लिहायचें नाहीं, प्रश्न लिहायचा. आठवडाभरानें पेटी उघडली तेव्हां चिठ्ठ्या लावायला मी तिच्या मदतीस बसलें होतें. मुख्याध्यापकांना धास्ती होती कीं वाह्यात मजकूर निघेल. एकदोन तसे निघालेही. बाकी सारे असे : उंची कधीं थांबते? मुरुमें कां येतात? पाळींत लोणच्याला शिवलें तर तें खरेंच नासतें का? माझा मित्र मला फार आवडतो, मी वाईट आहें का? रक्ताच्या शंभर थेंबांचा तो प्रश्नही निघाला, तोही तीन वेगवेगळ्या अक्षरांत. म्हणजे तो जडीबुटीवाला एकाच मुलाला भेटला नव्हता. परिचारिका एकेक चिठ्ठी वाचून उत्तराचे मुद्दे वहींत मांडीत होती. लोणच्याला तिनें फार वेळ लावला नाहीं. मित्राच्या चिठ्ठीशीं मात्र ती बराच वेळ थांबली, आणि शेवटीं तिनें पहिला शब्द लिहिला, ‘‘नाहीं.’’ मग बाकीचें उत्तर.

तळाशीं एक चिठ्ठी होती, गणिताच्या वहीचा चौकटींचा कागद फाडून लिहिलेली. अक्षर मुलाचें होतें. ‘‘माझ्या बहिणीचें महिन्यांतून पोट दुखतें. ती कोणाला सांगत नाहीं. मी काय करावें?’’ परिचारिकेनें ती दोनदां वाचली आणि मला दिली. आम्ही दोघींनीं मिळून उत्तर ठरविलें : शेकायला गरम पाण्याची बाटली टॉवेलांत गुंडाळून दे, त्या दिवशींचें पाणी तूं भर, आईला सांग, दुखणें फार असलें आणि दर महिन्याला शाळा बुडत असली तर तिला दवाखान्यांत घेऊन या, मी गुरुवारीं असतें. खालीं तिनें आपला फोन नंबर लिहिला, आणि मग थोडा विचार करून खोलीच्या मागच्या दाराचा रस्ताही काढून दाखविला.